काय ठेवावे, कोणासाठी ठेवावे?

दिवाळी जवळ आली की घराघरांतून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. मात्र तो नैतिक आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. माळ्यावरचे सामान खाली उतरते, कपाटे रिकामी होतात, आणि प्रत्येक वस्तू हातात धरून गृहिणी विचारते, “हे ठेवायचे की टाकायचे?” कान तुटलेली बरणी, आजोबांची काठी, बाळंतविड्यातले झबले, कोणा पाहुण्याने दिलेले आणि कोणालाच न आवडलेले घड्याळ! संध्याकाळपर्यंत अंगणात दोन ढीग होतात. एकाला आपण ठेवा म्हणतो, दुसऱ्याला अडगळ. मौज अशी की दोन्ही ढिगांतल्या वस्तूंत फारसा फरक नसतो. फरक असतो तो निवडणाऱ्याच्या मनात. आपण काय ठेवतो यावरून आपण कोणाला आपले मानतो हे समजते.

घरापुरता हा निकाल लावणे सोपे आहे. गावाने काय ठेवावे, हे ठरवणे कठीण. गावाचा माळा कोणता, आणि गावाची गृहिणी कोण?

आमच्या भडगावात हा प्रश्न सध्या चार-पाच तरुण मुलामुलींनी उभा केला आहे. त्यांना एक खोली हवी आहे. तीत जुन्या वस्तू मांडायच्या नाहीत, तर वस्तू ज्यापासून होतात ते पदार्थ ठेवायचे आहेत. आपल्या मुलखात जे उगवते, हाताच्या कामाला येते, आणि काम संपले की पुन्हा मातीला मिळते, त्या सर्वांचे नमुने. शिंदीची पाने, बांबूच्या कामट्या, अंबाडीचा आणि घायपाताचा वाख, केळीचे सोपट, पऱ्हाटी, पळसाची फुले, बाभळीचा डिंक, गिरणेच्या काठची माती. प्रत्येक नमुन्याशेजारी नोंद असावी : तो कोठे मिळतो, कोणत्या महिन्यात काढावा, कसा वाळवावा, कशात भिजवावा, त्याचे काय काय होते, आणि तो निरुपयोगी झाल्यावर त्याचे काय होते. माझा जन्म शाळेत खडू झिजवण्यात गेला आणि अक्षर बरे आहे, म्हणून नोंदवहीचे काम माझ्याकडे आले. नोंदवही पुढ्यात घेऊन बसलो, तेव्हा आपण नक्की काय करायला निघालो आहोत याचा विचार करणे मला भाग पडले.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हा उद्योग नुसत्या हौसेचा नाही. आमचा खानदेश हा कापसाचा आणि केळीचा मुलूख. केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरला की ते खोड तोडावेच लागते. कजगाव-पाचोऱ्यापासून रावेर-यावलपर्यंत अशी किती खोडे दरवर्षी बांधावर पडत असतील याचा वाचकांनीच अंदाज करावा. त्या खोडाच्या पदरापदरांत चिवट धागा असतो. आपल्या आज्या त्याच्या सोपटात फुलांच्या माळा गुंफीत. आज त्यापासून दोर, कापड आणि कागदही करता येतो. पऱ्हाटीचे तेच. कापूस वेचून झाला की तिचा उपयोग एकच, चुलीत किंवा शेतातच जाळणे. मुंबईच्या कापूस-तंत्रज्ञान संस्थेने, जी १९२४ साली प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली, याच काड्यांच्या भुशापासून फळ्या तयार करून दाखवल्या आहेत. म्हणजे आपण ज्याला कचरा म्हणतो तो बहुधा आपल्या अज्ञानाचा ढीग असतो. पदार्थ ओळखीचा झाला की तो कचरा राहत नाही.

पण ही ओळख टिकते कशी आणि बुडते कशी? दूर जायला नको. आमच्या शेजारचे एरंडोल एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. यावलही कागदासाठी आणि निळीसाठी नावाजलेले होते. असा देशी कागद साधारणपणे जुनी गोणपाटे, दोरखंडे कुटून, त्यांचा लगदा करून तयार होई. त्या जातीच्या कागदावर आपल्या पूर्वजांनी हिशेब लिहिले, सनदा लिहिल्या, भांडणे लिहिली. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी असे कागद गावोगाव हिंडून, माळे आणि तळघरे धुंडाळून गोळा केले. १८९८ साली त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. एकूण बावीस खंड झाले. १९२६च्या अखेरीस धुळ्यात त्यांचा देह पडला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. खानदेशाने महाराष्ट्राला दिलेली ही मोठीच देणगी होय.

तथापि या गोष्टीची दुसरी बाजू पाहा. कागदावर काय लिहिले आहे ते आपण प्राणपणाने जपले; कागद कसा केला ते जपण्याची कोणाला आठवण झाली नाही. लिहिणाऱ्याचे नाव राहिले, ज्याच्या वतनाची ती सनद त्याचे नाव राहिले. लगद्याच्या हौदात उभे राहून चाळणी हलवणाऱ्याचे नाव उरले नाही. यात राजवाड्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी एका माणसाच्या आयुष्यात मावणार नाही इतके काम केले. दोष आपल्या सर्वांच्या नजरेचा आहे. आपण अक्षराला विद्या म्हणतो आणि हाताच्या कसबाला नुसती मजुरी.

दुसरे उदाहरण आलीचे. आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांतून तांबडा रंग निघतो. खानदेशात त्याची लागवड होत असे, आणि मुळ्या खणायला तीन-चार वर्षे थांबावे लागे. १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार केला, आणि पाहता पाहता तो स्वस्तात बाजारात आला. तीन वर्षे कोण थांबणार? आल गेली. झाड गेले त्याचे दुःख एक. पण कोणते मूळ किती जाड झाले म्हणजे रंग चांगला उतरतो, कापड आधी कशात भिजवावे, हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे गेली, त्याची मोजदाद कोणी केली?

येथवर वाचून वाचक म्हणतील, मग काय, लिहून ठेवा, नमुने ठेवा, प्रश्न मिटला. पण प्रश्न येथेच सुरू होतो.

नमुने गोळा करण्याचे काम आपल्या देशात पूर्वी झालेले आहे, आणि फार उत्तम रीतीने झालेले आहे. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी कापडाच्या नमुन्यांचे अठरा खंड तयार केले. त्यांत सातशे नमुने, खऱ्या कापडाचे तुकडे कापून चिकटवलेले, लांबी, रुंदी, वजन, गाव यांच्या टिपणांसह. अशा वीस प्रती झाल्या. त्यांतल्या तेरा विलायतेत राहिल्या आणि सात हिंदुस्थानात आल्या. या खटाटोपाचा मुख्य हेतू काय? येथली माणसे काय नेसतात हे तिकडच्या गिरणीवाल्यांना समजावे, आणि तसेच कापड विणून येथे खपवता यावे. संग्रह म्हणून पाहिले तर ते काम अप्रतिम आहे. नीटनेटकेपणा, अचूकपणा, चिकाटी, सगळे त्यात आहे. पण ज्या कोष्ट्याच्या मागावरून तो तुकडा आला, त्याच्या पोटावर पाय देण्याच्या कामी तो यायचा होता.

म्हणून मला वाटते, संग्रह नीट झाला का हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न तो कोणासाठी झाला हा. ज्ञान गोळा करणे ही गोष्ट आपोआप पुण्याची होत नाही. देणाऱ्याच्या घरातून उचलून घेणाऱ्याच्या घरात नेऊन ठेवले, तर त्याला आपण एरवी दुसरेच नाव देतो.

उलट, लिहून न ठेवण्यातही धोका आहेच. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचे पेटंट दिले गेले! आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असलेली गोष्ट. आपल्याकडील शास्त्रीय संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. परंतु ते रद्द झाले ते आपल्या आजीच्या सांगण्यावरून नव्हे, तर जुने ग्रंथ आणि १९५३ सालच्या एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख असे लिखित पुरावे दाखवता आले म्हणून. आजीचे तोंडी ज्ञान न्यायाच्या दारात मुके ठरते, कागद बोलतो. पुढे २००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीतल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंदवही करावी असे ठरले. आमच्या मुलांची खोली ही त्याच वाटेवरची एक पायरी आहे असे मी समजतो.

आणि लिहून ठेवण्याचे भाग्य काय असते, हे खानदेशाला कोणी शिकवायला नको. असोद्याची एक लेक, लिहिता-वाचता न येणारी, जात्यावर आणि शेतात गाणी रचत गेली. तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने ती उतरून ठेवली नसती तर १९५१ साली तिच्याबरोबरच ती चितेवर गेली असती. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती छापून निघाली आणि बहिणाबाई साऱ्या महाराष्ट्राच्या झाल्या. पण यातली महत्त्वाची गोष्ट ही की पुस्तकावर नाव बहिणाबाईंचे आहे. उतरून घेणारा उतरून घेणाराच राहिला. गाण्यांच्या बाबतीत जो न्याय आपण सहज पाळला, तो टोपलीच्या, दोराच्या, मडक्याच्या बाबतीत पाळायला आपण का चुकतो?

या ‘का’चे उत्तर मला एका वृद्धेने दिले. नदीकडच्या आळीत राहणारी, सत्तरी उलटलेली ही माय आयुष्यभर बांबूच्या टोपल्या विणत आली. बांबू कोणत्या दिवसांत तोडला तर त्याला कीड लागत नाही, कामटी कोणत्या अंगाने सोलावी, कोठे पाण्याचा हात फिरवावा, हे तिला विचारत मी वही भरत होतो. ती सांगत होती, हात चालूच होते. बऱ्याच वेळाने ती थांबली आणि म्हणाली, “गुरुजी, टोपली तं ठेवशात, पन हात कोठे ठेवशात?”

मी विचारले, “माय, तुमच्या नातवाला शिकवलेत का?”

ती हसली. नातू जळगावला कंपनीत कामाला आहे. त्याने हे काम शिकू नये म्हणूनच तिने टोपल्या विणून त्याला शिकवले, असे तिने सांगितले. तिच्या बोटांवर कामटीने चिरलेल्या जुन्या खुणा आहेत. बाजारात टोपली घेताना लोक किंमत कशी पाडतात आणि पैसे कसे लांबून टाकतात, हेही तिने सांगितले. ते मी वहीत लिहावे की नाही, या विचारात मी काही वेळ लेखणी धरून बसलो होतो. शेवटी लिहिले.

आपल्याकडचे हातकाम हे नुसते हातकाम नव्हते. ते जन्माने गळ्यात पडलेले काम होते. बुरुडाने टोपली विणायची, मातंगाने केरसुणी बांधायची आणि वाखाचे दोर वळायचे, कुंभाराने चाक फिरवायचे; कोणी नको म्हणायचे नाही, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो, तिला लक्ष्मी म्हणतो. शिंदीच्या पानांची ती जुडी घरात देव्हाऱ्यापर्यंत पोचली. ती बांधणारा मात्र पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या बांधवांना अप्रतिष्ठेची कामे नाकारा असे सांगितले, तेव्हा ते कसबाच्या विरुद्ध नव्हते. सक्तीच्या विरुद्ध होते. ज्याने बेडी तोडली त्याच्यापाशी जाऊन “अहो, त्या बेडीवरची नक्षी फार सुंदर होती, तेवढी जपा” असे म्हणणे शोभत नाही.

मग काय, हे सारे बुडू द्यावे? तेही मला पटत नाही. नातवाला हे काम नको, हा त्याचा हक्क आहे. पण बांबूविषयीचे ते ज्ञान आजीचे आहे, आणि ते खोटे किंवा हलके नाही. सक्ती जावी आणि विद्या राहावी, हा एकच न्याय्य मार्ग दिसतो. आणि विद्या राहायची तर ती ज्यांच्यावर कधीच सक्ती नव्हती त्यांनीही शिकली पाहिजे. जे काम मी माझ्या नातीला शिकवायला तयार नाही, ते दुसऱ्याच्या नातवाने चालू ठेवावे, अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही. संग्रह करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला ही कसोटी लावून पाहावी. पुष्कळांचे परंपरेचे प्रेम या कसोटीला उतरणार नाही.

आणखी एक भाबडेपणा टाळला पाहिजे. नैसर्गिक तेवढे चांगले आणि प्लॅस्टिक तेवढे पापी, असे सरसकट म्हणणे हे ज्यांनी डोक्यावर पाणी वाहिले नाही त्यांना सोपे असते. प्लॅस्टिकची घागर आली तेव्हा खेड्यातल्या बायांच्या मानेवरचा भार हलका झाला, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. तसेच शिंदीची पाने ओरबाडून काढली तर शिंदीही मरते. निसर्गाचा पदार्थ म्हणून त्याला लोभाची बाधा होत नाही असे नाही. फरक इतकाच की मडके फुटले तर त्याची खापरी होते आणि ती मातीत बसते; प्लॅस्टिकच्या घागरीचे तुकडे आपल्या नातवंडांच्या नातवंडांना वारसा म्हणून जातील. आपल्या सोयीची किंमत न जन्मलेल्यांकडून वसूल करणे, यात जो अन्याय आहे तो मोठा आहे. म्हणून पर्याय शोधायचा. पण तो घागर वाहणारीच्या मानेवर पुन्हा ओझे टाकून नव्हे.

आता त्या मायच्या प्रश्नाकडे येतो. हात कोठे ठेवायचे?

जपानात इसे येथे एक मंदिर आहे. ते दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. जुन्याशेजारी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, त्याच जातीचे लाकूड आणि तेच गवती छप्पर वापरून. २०१३ साली ते असे बासष्टाव्या वेळी उभे राहिले आणि पुढची पाळी २०३३ची. लाकूड कुजते याचे त्यांना भय नाही. सुतार विसरेल याचे भय आहे. वीस वर्षांत एक पिढी शिकते, दुसरी शिकवते. त्यांनी इमारत ठेवली नाही, हात ठेवले.

आणि आपल्याकडे? १९३६च्या डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले. पंडित नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नंदलाल बोस यांनी तेथली सजावट खेड्यात मिळणाऱ्या साध्या पदार्थांतून, बांबू-गवतातून उभी केली. अधिवेशन संपले, ते नगर उतरले. त्याचा खांब कोठे जपून ठेवलेला नाही म्हणून हळहळावे असे मला वाटत नाही. बांबू ज्याच्या त्याच्या कामाला लागला असेल. दोनच वर्षांनी, १९३८ साली, वर्ध्याला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. खेड्यातले उद्योग लोकांनी नुसते पाहावे असे नव्हे, तर ते उचलावे आणि सुधारावे, ही त्यामागची दृष्टी. संग्रहालय हे वस्तूंचे स्मशान होऊ नये, ही ती शिकवण.

शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. बियाणे कणगीत ठेवले म्हणजे राहिले असे तो समजत नाही. एक वर्ष राहील, दोन वर्षे राहील. पुढे त्यातला कोंब मरतो, दाणा मात्र वरून तसाच दिसतो. बियाणे ठेवायचे तर ते पेरावे लागते. संग्रहातला वाखाचा पेळाही तसाच. दरवर्षी कोणी अंबाडी पेरली नाही, पाण्यात भिजत घातली नाही, साल सुटते की नाही हे बोटांनी पाहिले नाही, तर त्या काचेमागे आपण काय ठेवले? वाळलेला कोंब.

म्हणून आमच्या खोलीसाठी मी मुलांना तीनच नियम सुचवले आहेत. ज्याने शिकवले त्याचे नाव पदार्थाच्या आधी लिहावे. सांगण्याबद्दल आणि शिकवण्याबद्दल त्याला मानधन द्यावे, दया म्हणून नव्हे, शिक्षकाला देतात तसे. आणि ज्या नमुन्याची वस्तू वर्षभरात कोणीच केली नाही, त्याच्यावर लाल खूण करावी. कारण तो नमुना मरू लागला आहे.

मायला हे सांगितले तेव्हा ती शिकवायला तयार झाली, पण तिने आपली अट घातली. पहिल्या दिवशी तिच्या आळीतली पोरे बसणार नाहीत. पेठेतली बसतील, आणि गुरुजींची नात त्यांच्यात असली पाहिजे. ती या दिवाळीला नाशिकहून येते आहे. कामटी बोटाला लागते, हे मी तिला आधीच कळवले आहे.

नोंदवहीचे पहिले पान मी लिहिले. वर मायचे नाव, त्याखाली ‘बांबू’. तिला वाचता येत नाही. तिने माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतले, आणि मग नाव कोठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितले.